हरकतीचा कायदा

निजामाच्या अमदानीत मी सिरसाळ्याच्या शाळेवर होतो, तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात अर्जुनराव पाटलांचा त्रिंबक हैदराबादच्या कॉलेजातून घरी आला होता. तिथलं सगळं शिक्षण उर्दूत. ओसरीवर बसून तो घोकायचा, "हरकत का पहला कानून..." आणि अर्जुनराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "वकील होतोय आमचा. हरकतीचे कायदे तोंडपाठ हायेत."

त्यांचं आयुष्य कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात गेलेलं. हरकत आणि कानून हे दोन्ही शब्द त्यांना तिथंच भेटलेले. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, आणि पोरगा घोकतोय तो विज्ञानातला गतीचा नियम, हे त्यांना सांगणार कोण? त्रिंबक तर भीतीनं गप्पच.

एके दिवशी तो माझ्याकडं रडवेला होऊन आला. "मास्तर, पाठ हाय, पन डोक्यात शिरत न्हाई. चालती वस्तू आपसूक चालतच राहते म्हणं. आपल्याकडं तर ढकलली तरी थांबती!"

नेमके मागून अर्जुनराव आले. "वस्तू? कसली वस्तू बे?"

सगळं बाहेर पडलं. "दगडधोंडे कावून शिकायलास? बास झालं कॉलेज. उद्यापासून औत धर."

त्रिंबकचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "अर्जुनराव, तो हरकतच शिकतोय. छकड्यात बसा, दाखवतो."

त्रिंबकनं बैलांना एकदम पिटाळलं. अर्जुनराव मागं कलंडले. पांदीला लागल्यावर मी कासरा ओढायला लावला, तसे अर्जुनराव पुढं फेकले गेले. पटका धुळीत.

"कुणी ढकललं तुम्हाला?"

"कुणी बी न्हाई."

"निघताना अंगानं हरकत घेतली, मी बसलोय, बसू द्या. थांबताना पुन्हा हरकत, मी चाललोय, चालू द्या. जेवढं वजन, तेवढी हरकत मोठी."

"म्हंजी माझी लई मोठी!" पोटावर हात ठेवून ते हसले.

त्रिंबक हसला नाही. तो चाकाकडं बघत होता. "मास्तर, म्हंजी छकडा सोताहून थांबतच न्हाई. आस घासतो, माती चाकाला धरून ठेवती, म्हणून थांबतो. त्यांनी सोडलं, तर थांबायला कारनच न्हाई!"

पुढं पुष्कळ मुलं शिकवली, पण समजल्याचा तो उजेड मला त्याच्याच तोंडावर आठवतो.

अर्जुनरावांनीही तो पाहिला असावा. पटका झटकत म्हणाले, "दगडाचं वकीलपत्र घेतलंस व्हय रे?" मग छकडा गावाकडं वळवायला लावून हळूच म्हणाले, "आईला दशम्या करायला सांग. कॉलेज उघडंल आता."