इंजिन गरम होईस्तोवर

"चावी कुठं लावतेस ग?" उमाशंकररावांनी गाडीच्या खिडकीशी वाकून विचारलं.

"चावी पर्समध्येच असते बाबा. नुसतं बटण दाबायचं," लेक ऋजुता म्हणाली. "ही बॅटरीवर पण चालते, पेट्रोलवर पण. इंजिन कधी लावायचं ते तिचं तीच ठरवते."

तिचं तीच ठरवते म्हणे. नालछा रोडवर चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला हसूच आलं. शेडमधली त्यांची फियाट अशी शहाणी नव्हती. चोक ओढायचा, दोन-तीनदा किल्ली फिरवायची, मग ती खोकत उठणार आणि पाच मिनिटं गरम झाल्याशिवाय जागची हलणार नाही. पण या घरातलं महत्त्वाचं बोलणं त्या पाच मिनिटांतच व्हायचं. ऋजुता लग्नानंतर देवासला निघाली, तेव्हा दिवसभर गप्प असलेल्या तिच्या आईनं, सरलाबाईंनी नेमकं इंजिन गरम होताना तिला सांगितलं होतं, "नाही करमलं तर सरळ निघून ये."

सरलाबाई चैत्रात गेल्या आणि घर उमाशंकररावांना खायला उठलं. लेकीच्या सासरी राहायला गेलो तर धारची जुनी मंडळी नाकं मुरडणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी आठवडाभर एक वाक्य त्यांनी घोकून ठेवलं होतं : ऋजू, मला इथं करमत नाही, मला घेऊन चल. जेवताना ते ओठांवर आलं नि परत गेलं. असू दे, गाडी गरम होताना बोलू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

ऋजुतानं बटण दाबलं. समोर दिवे लागले, आवाज काही आला नाही. उमाशंकरराव टपावर हात ठेवून थांबले.

"आजोबा, हाथ हटाओ ना, गाडी चालू है," मागच्या सीटवरून नात चिऊ म्हणाली.

"कुठं चालू आहे? अजून उठलीच नाही."

"चालूच आहे बाबा," ऋजुता हसली. "येते हं. गोळ्या वेळेवर घ्या."

आणि गाडी सरकली. बघता बघता फाटकाबाहेर पडलीसुद्धा. पार वळणावर पोचल्यावर तिचं इंजिन सुरू झालेलं त्यांना ऐकू आलं. इतका गुळगुळीत आवाज फियाटनं जन्मात काढला नव्हता, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. फार वाईट वाटलं त्यांना.

ते शेडमध्ये गेले, फियाटमध्ये बसले, चोक ओढला. तिसऱ्या खेपेला ती उठली. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मघाशी काही सांगायचं होतं का तुम्हाला?" ऋजुता विचारत होती. "आणि हा फियाटचा आवाज ना? का लावलीत? कुठं निघालात?"

इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्याकडे त्यांनी पाहिलं. तो अजून खालीच होता.

"कुठं नाही ग. बॅटरी उतरू नये म्हणून लावली. तू नीट जा."

फोन ठेवून ते काटा मधोमध येईपर्यंत बसून राहिले. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून ते घोकलेलं वाक्य सावकाश बोलले, आणि किल्ली फिरवून त्यांनी इंजिन बंद केलं.