फाटेल तर शपथ

अँप्लिफायरचा आवाज फाटत नव्हता, आणि त्यापायी घरातली माणसं मात्र एकमेकांना फाडून खायच्या बेतात आली होती.

सुरुवात सुनेपासून झाली. ती एका मोठ्या इस्पितळात कान तपासायची. दिवसभर लोकांना काचेच्या खोलीत बसवायचं, बारीक शिट्ट्या ऐकवायच्या, "ऐकू आलं की बटण दाबा" म्हणायचं. घरी आली की गिटार गळ्यात अडकवून ती अशी काही वाजवायची की नवरा म्हणायचा, "उद्याची गिऱ्हाइकं आजच तयार करतेयस." नणंद जनावरांची डॉक्टर होती आणि ड्रम वाजवायची. दोघींचाच बँड. तालमीला घराखालचं गॅरेज होतं आणि ऐकायला नाइलाजाने सगळी गल्ली.

एका नाटकाच्या दिग्दर्शिकेने त्यांना बोलावलं. नाटकाच्या शेवटी घराची भिंत कोसळते, त्या प्रसंगाला तिला फक्त गिटार आणि ड्रम हवे होते. "गोड काही नको," ती म्हणाली होती. "ऐकणाऱ्याच्या दातांत कचकच झाली पाहिजे." दोघी हवेत तरंगतच घरी आल्या. आणि त्याच आठवड्यात सुनेच्या छोट्या अँप्लिफायरमधून धूर निघाला. दुरुस्तीवाल्याने तो उघडून बघितला, हुंगला आणि मान हलवली.

उरलं काय, तर अप्पांचं धूड.

अप्पा म्हणजे सासरे. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी एका हॉटेलच्या डान्स बँडमध्ये बेस गिटार वाजवली होती. त्या काळातला तो अँप्लिफायर, आत बल्बसारखे काचेचे व्हॉल्व असलेला, लहानशा कपाटाएवढा. हलवायचा तर दोघांनी कंबर कसावी लागे. "वापरा की," अप्पा म्हणाले. "नुसता धूळ खात पडलाय." जुन्या व्हॉल्वचा आवाज किती झकास फाटतो, हे सुनेने जिथे तिथे वाचलं होतं. धूड हातात आलं म्हणजे अर्धं काम झालंच, असं तिला वाटलं.

पहिल्या दिवशी तिने तार छेडली तर देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ, गोल आवाज आला. तिने आवाज वाढवला. घंटा मोठी झाली. आणखी वाढवला. शेल्फवरचे रंगाचे डबे चालायला लागले, दाराची काच थरथरली, समोरच्या घरातला कुत्रा रडायला लागला, आणि घंटा मात्र तेवढीच स्वच्छ. मग तिने बटण शेवटपर्यंत पिळलं. तेव्हा एकदाचा आवाज बिघडला, पण फाटला नाही. ओल्या गादीवर कुणी धपकन बसावं तसा नुसता 'भस्स' झाला.

"वहिनी, हा आपल्याला हसतोय," नणंद काठ्या खाली ठेवत म्हणाली.

तेवढ्यात अप्पा जिना उतरून आले. कानातलं यंत्र त्यांनी काढून मुठीत धरलं होतं. "काय चाललंय काय?"

"आवाज फाटत नाहीये, अप्पा."

"फाटेल कसा? फाटत नाही म्हणून तर घेतला होता!" अप्पा खूश होऊन म्हणाले. "कितीही वाजवा. फाटेल तर शपथ!"

सुनेने कपाळाला हात लावला.

पुढचे काही रविवार असेच वैतागात गेले. तिने आवाज फाडणारी एक डबी आणून गिटार आणि धूड यांच्या मध्ये जोडली. त्यातून रिकाम्या डब्यात डास कोंडल्यासारखा आवाज आला. गिटारच्या दुकानातला माणूस म्हणाला, स्पीकर बदला. तिने मेलेल्या अँप्लिफायरचा स्पीकर खोक्यासकट धुडाला जोडला. भस्स थोडा लहान झाला, एवढंच. इंटरनेटवर विचारलं तर जितकी माणसं तितकी मतं, आणि दोन मतवाले तिचा प्रश्न विसरून आपापसातच भांडायला लागले. धुडावर जाड सूर कमीजास्त करायचं बटण होतं, ते तिने पार शून्यावर नेलं. काही फरक नाही. शेजारीण एकदा दारात येऊन म्हणाली, "चालू दे तुमचं, पण कधी तरी एक अख्खं गाणं वाजवा ना. ते नुसतं धप, धप... जीव नकोसा होतो हो." सून तिला काय सांगणार? तिलाही तेच होत होतं.

शेवटी दोघींनी ठरवलं की व्हॉल्वच बदलून बघू. नणंदेने स्क्रू काढले आणि मागची फळी उतरवली. ती आत हात घालणार तोच जिन्यावरून असा काही ओरडा आला की तिच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर पडला.

"हात मागे! दोघी मागे व्हा!"

अप्पा होते. चेहरा पांढराफटक.

"प्लग काढलाय, बाबा," लेक म्हणाली.

"प्लग काढला म्हणजे तो मेला असं वाटलं का तुम्हाला? आत करंट साठून राहतो. आमच्या बँडचा ट्रम्पेटवाला असाच आडवा झाला होता, माझ्या डोळ्यांदेखत. दवाखान्यात न्यावं लागलं." त्यांनी फळी उचलून जागेवर लावली. "एवढं वेड काय लागलंय त्याला बिघडवायचं? बँडमास्तर माझ्याच शेजारी उभा असायचा. आवाज जरा खरखरला की सगळ्यांसमोर पाणउतारा करायचा माझा. सगळं आयुष्य गेलं माझं हा आवाज स्वच्छ ठेवण्यात! आणि तुम्हाला तो फाडायचाय!"

सुनेच्या डोक्यात इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. "तुम्हाला काय फरक पडतो, अप्पा?" ती म्हणाली. "मी गिटार हातात घेतली की तुम्ही कान काढून खिशात ठेवता!"

अप्पांनी शेवटचा स्क्रू नीट घट्ट केला आणि ते वर निघून गेले. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तेही लेकाकडे, ते सुनेच्या पुढ्यात असताना.

दोनचार दिवसांनी सकाळी इस्पितळात तिने पुढच्या पेशंटला हाक मारली, तर दारात अप्पा. इस्त्रीचा शर्ट, हातात केसपेपर. नंबर लावून, बाकावर बसून, इतरांसारखे आले होते. यंत्र बसवून घेताना ते मुद्दाम दुसरीकडे गेले होते. सुनेपुढे कान धरून बसायचं मला जमणार नाही, असं तेव्हा म्हणाले होते.

"या," ती म्हणाली. "काय त्रास होतोय?"

"पंखा ऐकू येतो. फ्रिज ऐकू येतो. बस गेली की डोक्यातून जाते. माणसं तेवढी ऐकू येत नाहीत." ते खुर्चीत बसले. "म्हणून काढून ठेवतो. तुझ्या गिटारवर माझा राग नाही. यंत्रातून ती नुसती घुमते."

तिने यंत्र कॉम्प्युटरला जोडलं आणि बघितलं. ज्याने कुणी ते बसवलं होतं त्याने खालचे, जाड सूर भरमसाट वर चढवून ठेवले होते. "हे असं कोण करतं?" ती चिडून पुटपुटली. "जाड आवाज पुढे झाले की बारीक आवाजांना गिळून टाकतात, अप्पा. शब्दांची टोकं असतात ना, स, त, क, ती सगळी बारीक असतात. ती यात बुडून जातात." तिने खालचे सूर कापले, मधले थोडे उचलले आणि यंत्र त्यांच्या कानात बसवलं.

"बोल बघू काहीतरी," अप्पा म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही बोल."

तिने हातातली वायर गुंडाळली. "त्या दिवशी मी असं बोलायला नको होतं."

"ऐकू आलं," अप्पा म्हणाले. मग मान तिरकी करून पंख्याकडे बघितलं. "हा गप्प झाला. आणि तुझ्या शब्दांना कडा आल्या की गं!"

ती हसली आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. "गिळून टाकतात," ती स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्याने, "अप्पा! धुडाचं तेच होतंय! माझ्या जाड तारांचे सूर आत शिरतात आणि बाकी सगळं गिळतात, म्हणून तो भस्स करतो! त्याच्यावरचं बटण शून्यावर नेऊन काय उपयोग? ते आतल्या पहिल्या व्हॉल्वच्या नंतर येतं. तोवर सगळं गिळून झालेलं असतं. आत जायच्या आधीच कापायला पाहिजे!"

"बाहेर माणसं खोळंबलीत," अप्पा म्हणाले. पण ते लगेच उठले नाहीत. "आधीच कापून बारीक झालेला आवाज जोराने आत ढकलावा लागेल. नाहीतर नुसता किरकिरेल."

संध्याकाळी तिने कपाटातून एक जुनी डबी शोधून काढली. तिच्यावर जाड-बारीक सूर वेगवेगळे कमीजास्त करायच्या छोट्या सरकत्या पट्ट्या होत्या. जाड सुरांच्या पट्ट्या तिने तळाशी नेल्या, मधल्या वर चढवल्या आणि एकूण जोराची पट्टी शेवटपर्यंत सरकवली. धुडाचा आवाज मात्र निम्म्याहून कमी ठेवला. नणंद ड्रमवर बसली होती, आपण आणखी एका भस्सला आलो आहोत अशा चेहऱ्याने. अप्पा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे होते, यंत्र कानात.

तिने तार ओढली.

आवाज फाटला. अगदी लांबलचक, जाड कापड हातांनी टरकावत न्यावं तसा. त्याला दाणा होता, ऊब होती. तिने बोट दाबून धरलं तर तो विझायच्या आधी नुसता गुरगुरत राहिला. नणंद ड्रम वाजवायची विसरली आणि स्टुलावरून उठून जनावरांच्या डॉक्टरला शोभणार नाही अशी ओरडली.

"फाटला," अप्पा म्हणाले. अंत्ययात्रेला आलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता. मग ते पुढे आले, वाकले, आणि ज्या धुडाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नव्हतं त्याचं मधलं बटण त्यांनी स्वतः थोडंसं पुढे केलं. "आता वाजव."

तिने वाजवलं. आता तो जास्तच फाटला.

"हं," ते म्हणाले. "बँडमास्तरने मला जिवंत सोडलं नसतं."

रेकॉर्डिंगच्या दिवशी धूड उचलायला नवऱ्यालाही जुंपलं. स्टुडिओतल्या मुलीने माइक लावला, दोघींनी भिंत पाडली, आणि काचेपलीकडे बसलेली दिग्दर्शिका डोळे मिटून ऐकत राहिली. संपल्यावर तिने माइकचं बटण दाबलं.

"सुंदर झालंय! खरंच सुंदर. फक्त... जरासा कमी फाटलेला चालेल का? थोडा स्वच्छ?"

सुनेला हसावं की रडावं कळेना. नणंदेने डोकं ड्रमवर टेकवलं. त्या दोघी काही म्हणायच्या आत कोपऱ्यातल्या खुर्चीतून अप्पा उठले.

"अजिबात चालणार नाही!" ते काचेकडे बघून गरजले. "भिंत कोसळतेय की लग्नाची मेजवानी चाललीय? स्वच्छ हवा असेल तर माझ्याकडे या, आयुष्यभर तेच वाजवलंय मी. हा फाटलेलाच राहील!"

माइक चालूच होता. दिग्दर्शिका दचकली, मग शरमून हसली. "राहू दे मग," ती म्हणाली.

आणखी एकदा वाजवून घेतलं. पण नाटकात शेवटी पहिलंच घेतलं, कारण दुसऱ्या वेळी मधेच अप्पांचा खोकला होता. परतताना ते गाडीत पुढे बसले आणि घर येईपर्यंत सुनेला सांगत राहिले की ती ब्रेक उशिरा दाबते, वळणावर हॉर्न देत नाही आणि तिसऱ्या ओळीत तिने एक सूर चुकवला होता. तो तिने खरंच चुकवला होता. ती दात-ओठ खात गाडी चालवत राहिली.