शेवटची तोटी

माझ्या वहिनीला स्वतःच्या जिभेची भारी घमेंड. भाजीत मीठ कमी पडलंय हे ती रश्शाच्या एका थेंबावरून सांगायची, आणि कोंबड्यांच्या पाण्यात औषध पोचलं की नाही हे चाखून. हो, चाखून! मी किती डोकं आपटलं, पण ऐकेल ती वहिनी कसली.

आमची शेड घराच्या मागेच, लांबलचक. पुढच्या टोकाला पाण्याची टाकी, तिथून आत गेलेला पाइप, आणि पाइपाला खाली बारक्या बारक्या तोट्या. कोंबडीने चोच लावली की थेंब पडतो. औषध द्यायचं तर ते टाकीत कालवायचं. दादा टाकीपाशी उभा राहायचा आणि वहिनी पार दुसऱ्या टोकाला, शेवटच्या तोटीशी. तोटीला बोट लावायची, बोट जिभेवर टेकवायची, आणि कडू लागलं की ओरडायची, "पोचलं!" मग दादा हात वर करायचा. दोघं असे हसायचे, जणू मोठा गडच जिंकलाय.

नवऱ्याचं घर सोडून मी भावाकडे राहायला आले तेव्हापासून हे बघत होते. "अगं बाई, कोंबड्यांचं औषध ते. पिसं फुटतील तुला," मी म्हणायची.

"फुटू देत की वन्सं. तुमच्या बडबडीपासून उडून तरी जाता येईल."

अशी फटकळ. माझं तिच्याशी पटायचं ते त्यामुळेच.

औषध म्हणजे अँटिबायोटिक. कोंबड्या आजारी असोत नसोत, दादा द्यायचाच. एकदा साथीत अर्धी शेड मेली होती, तेव्हापासून त्याने धसकाच घेतला होता. एखादी कोंबडी जरा मान पाडून बसली की याच्या तोंडचं पाणी पळायचं. पुरी मात्राही नाही, आपलं थोडं थोडं, कायम. म्हणायचा, "आधीच दिलेलं बरं." कडू पाणी कोंबड्या पीत नव्हत्या, तर वहिनीने त्यात साखर घालायची युक्ती काढली. कोंबड्या गटागटा प्यायला लागल्या. साखरेमागचा कडवटपणा फक्त वहिनीच्या जिभेला कळायचा. दादाला त्या युक्तीचं कोण कौतुक! येईल त्याला सांगायचा, आमच्या हिचं डोकं बघा.

पाइप आतून कधी कुणी धुतला नाही. रोज पाणीच तर वाहतंय त्यातून, त्याला आणखी काय धुवायचं?

मग वहिनीचं पोट बिघडलं. काहीतरी बाधलं असेल म्हणून तिने अंगावर काढलं. ताप चढला तरी शेडमध्ये जातच होती. एके सकाळी टोपलीभर अंडी हातात घेऊन ती उंबऱ्यात बसली ती उठेचना. अंडी फुटली त्याचंच तिला वाईट वाटत होतं. मी तिला चांगलं झापलं आणि दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला नीट. म्हणाली, "साल्मोनेला नावाचा जंतू आहे. अंडी, मांस, खराब पाणी, यातून पोटात जातो. बहुतेकांचं पोट बिघडतं आणि बरं होतं. यांच्या मात्र रक्तात उतरलाय." औषध सुरू केलं. ताप हटेना. दुसरं दिलं. तेही लागू पडेना. तेव्हा तिने आम्हाला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "यांनी आधी खूप अँटिबायोटिक घेतलीत का?"

मी भडकलेच. "डोकं फुटायची वेळ आली तरी गोळी न घेणारी बाई आहे ती! भलतंसलतं काय विचारता?"

"मग घरात दुसरं कुणी? जनावरं वगैरे?"

दादाने कोंबड्यांच्या औषधाचं नाव सांगितलं. डॉक्टरीणबाईने वहिनीचा कागद पुन्हा उघडून बघितला. "आम्ही पहिलं दिलं ते याच जातीचं होतं," ती म्हणाली.

"पण मी ते कोंबड्यांना दिलं," दादा म्हणाला. "हिला नाही दिलं हो. हिला कधीच नाही." तो तेच तेच बोलत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

तिनेच कोंबड्यांच्या डॉक्टरला आमच्याकडे पाठवलं. त्याने शेवटच्या तोटीजवळचा पाइप कापला, उभा चिरला आणि आमच्यापुढे धरला. आत शेंबडासारखा बुळबुळीत थर. बाळाची दुधाची बाटली ब्रश न लावता नुसती विसळत राहिलं की आत धरतो तसा, पण जाड. त्याला बायोफिल्म म्हणतात म्हणे. जंतू त्यात एकमेकांना धरून बसतात. औषध वरून वाहून जातं, आत पोचतं ते थोडंसं. तेवढ्याने ते मरत नाहीत, उलट त्याला पुरून उरायला शिकतात. आणि शिकलेलं शेजारच्या जंतूलाही देऊन टाकतात.

"बरा एकोपा आहे मेल्यांचा," मी म्हणाले.

"तुम्ही पाण्यात गोड काही घालत होता का?" त्याने विचारलं. "साखरेवर हा थर पोसला जातो."

दादाने माझ्याकडे बघितलं, आणि तसाच उठून शेडबाहेर गेला.

त्या थरातला जंतू आणि वहिनीच्या रक्तातला जंतू एकच निघाला. अंड्यातून गेला की बोटावरून, ते काही सांगता येत नाही म्हणाले. मला विचाराल तर मला ते बोटच दिसतं, अजून.

ठेवणीतलं शेवटचं औषध आणलं, पण तोवर तिची किडनी थकली होती. मी तिच्याजवळ बसायची. चेहरा सुकून एवढासा झाला होता, पण चौकशा चालूच.

"वन्सं, पाइपात काय निघालं?"

"कचरा गं. टाकीतून आलेला."

"आणि साखर घालताय ना? नाहीतर नाही पिणार त्या. नखरेल आहेत."

आयुष्यात मी कुणाची भीड ठेवली नाही. खरं ते तोंडावर बोलायचं म्हणून तर नवऱ्याचं घर सुटलं. पण तिला म्हणाले, "घालतेय गं. तुझ्या हातासारखी गोडी येत नाही एवढंच."

ती हसली. "ती कशी येईल?" म्हणाली. तेवढं तरी तिचं तिच्याकडे राहिलं. दोन दिवसांनी वहिनी गेली.

दादाने शेड रिकामी केली. सगळे पाइप स्वतः उपटून काढले, नवे बसवले. औषधाच्या पुड्या टाकून दिल्या. आता पाण्यात काही कालवायचं नाही आणि पाइप आतून नेमाने धुवायचा, असं कोंबड्यांच्या डॉक्टरने बजावलंय. नवी पिल्लं यायच्या आदल्या दिवशी पाइपाचं शेडबाहेरचं बूच काढून दादाने धुवायला म्हणून टाकीचा नळ सोडला. मी भुसा पसरत होते. बघते तर दादा नळ धरून तसाच उभा, नजर पार त्या टोकाला. टाकी अर्धी रिकामी झाली तरी हलेना. कशाची वाट बघतोय ते मला कळलं.

मी चालत शेवटच्या तोटीपाशी गेले. बोट लावलं. स्वच्छ, गार थेंब आला. मी तो कपड्याला पुसला. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. माझा, बरं का! जिच्या आवाजाला सगळी आळी घाबरते तिचा. शेवटी कशीबशी ओरडले, "पोचलं!"

सवयीने दादाचा हात वर गेला. मग तो टाकीपाशी मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. नळ वाहतच होता. तो बंद करायला कुणीतरी जायला हवं होतं, पण माझे पाय त्या तोटीजवळून हलेनात.