जेवणानंतरचा नंबर

माझी बायको विद्यापीठात कायदा शिकवते आणि घरी मला शहाणपण. गेली कित्येक वर्षं ती एकाच प्रश्नाच्या हात धुऊन मागे लागली होती: कायदा करताना सरकारी समिती नेमकं कोणाचं ऐकते? उत्तर सापडलं तेव्हा मी हसलोच. म्हणे, जेवणाच्या सुट्टीआधी बोलणाऱ्यांचं! तेव्हा वकील घेऊन आलेले बडे लोक बोलतात आणि त्यांचं म्हणणं कायद्यात उतरतं. गरिबांचा नंबर जेवणानंतर. त्यांना मिळतात ते नुसते आभार.

"हसू नकोस," ती म्हणाली. "जेवण झालं की यांचे कान मिटतात."

मग घरभाड्याचा नवा कायदा आला. कारण न देता भाडेकरूला बाहेर काढायची मालकांना मुभा द्यायची का, यावर सुनावणी ठरली आणि तिला बोलावणं आलं. एवढ्या संशोधनाचं चीज व्हायची ही एकच संधी. प्राध्यापक म्हणून नंबरही पहिला! तिच्या कोटाला मी स्वतः इस्त्री केली, आता बोला.

सुनावणीच्या सकाळी सभागृहाबाहेरच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई बसली होती. भाडेकरूंच्या वतीने बोलायला आलेली, नंबर शेवटचा. आमच्या बाईसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मी लगेच त्यांची बाही धरली. बायकोचा तो चेहरा मी ओळखतो.

"अगं, नको ना," मी कुजबुजलो. "सगळी मेहनत पाण्यात जाईल."

"मग काय, पहिल्या नंबरावर उभी राहून सांगू, की पहिला नंबर नेहमी आमच्यासारख्यांनाच मिळतो?"

नंबर बदलले. शिवणवाली बोलली तेव्हा सगळे ताठ बसून लिहून घेत होते. मला बरं वाटलं आणि रागही आला.

जेवणानंतर आमची पाळी. तिने पहिला तक्ता दाखवला तोच सदस्य पेंगायला लागले. दुसऱ्या तक्त्याला अध्यक्ष चक्क घोरू लागले. तिचा आवाज बारीक होत गेला. मला तर रडूच यायला लागलं. मग ती बोलायचीच थांबली.

त्या शांततेने अध्यक्ष दचकून जागे झाले. "हं, हं. तर बाई, थोडक्यात तुमचा निष्कर्ष काय?"

"तो, साहेब, आत्ताच आपण सगळ्यांना ऐकवलात."

आधी शिवणवाली हसली, मग अख्खं सभागृह. अध्यक्ष लाल झाले, घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांगा."

या वेळी कोणाचाही डोळा लागला नाही. माझासुद्धा नाही, आणि मला तर ते भाषण घरी ऐकून ऐकून पाठ झालं होतं.