सहावा खडा

सहादेवनं विडीचा निखारा सहाव्या वातीला टेकवला आणि दोराला धरून तो सरासरा वर आला. काठावर यारीच्या दांड्यापाशी त्याची बायको झुंबरबाई मुठीत सहा खडे घेऊन उभी होती. याच यारीनं विहिरीतला दगड वर ओढायचा आणि माणूसही खाली सोडायचा.

"बार हाय, बार! लांब व्हा!" ती ओरडली, आणि नवराबायको लिंबाच्या बुंध्याआड गेली.

रीत ठरलेली होती. खडकातली जेवढी भोकं सुरुंगाच्या दारूनं ठासली तेवढे खडे मुठीत घ्यायचे आणि एक बार उडाला की एक खडा खाली टाकायचा. मूठ रिकामी झाली की सहादेवनं उतरायचं. एखादा खडा उरलाच, तर खाली एक मुका बार दबा धरून बसलाय असं समजायचं आणि त्या दिवशी विहिरीत पाय टाकायचा नाही. झुंबरबाईचा थोरला दीर असल्याच मुक्या बारावर पहार घालून बसला होता. त्याला घरी आणलं तेव्हा तोंडावरून ओळखता येत नव्हतं. तेव्हापासून बारा वर्षं खडे तिच्याच हातात असायचे.

लिंबाखाली दोघं आधीच बसले होते. एक गोरक्षबुवा, कीर्तन करणारे. दुसरे राधाकृष्ण मास्तर, वाडीच्या शाळेचे. दुष्काळ पडला तसे हे दोघे पंच म्हणून विहिरीच्या देखरेखीला यायचे आणि देखरेख एकमेकांवरच ठेवायचे. मास्तर तोंड उघडतात कधी आणि बुवा त्यांना झोडतात कधी, एवढंच काम.

आज आगीत तेल सहादेवनंच ओतलं होतं. पन्नास फूट झाले तरी काळा खडक हटेना, तेव्हा सकाळी तो वैतागून म्हणाला होता, "येवढा दगुड मुळात झालाच कशाला? कायच नसतं, तर कुनाचं काय अडलं असतं?"

झालं! दोघांना सकाळपासून तेवढंच पुरलं होतं.

"देवाला एकट्याला करमंना," बुवा सांगत होते. "म्हनून त्यानं ह्यो खेळ मांडला."

"खेळ? लोक सरकारी सुकडीवर दिवस काढतायत, अन् तुमचा देव खेळतोय?"

पहिला बार उडाला. झुंबरबाईनं खडा टाकला.

"मग तुमी सांगा की, शिकल्यालं."

"आधी सगळं एका जागी कोंडलेलं होतं. मोठा स्फोट झाला. त्यातूनच पुढं सूर्य, पृथ्वी, हा खडक."

"आन् वात कुनी लावली?"

सहादेव खो खो हसला. दुसरा बार उडाला, मागोमाग तिसरा. दोन खडे पडले.

"वात लागतच नाही!" मास्तर उठून उभे राहिले.

"बिनवातीचा बार! ऐकलंस का, सहादेवा?"

"अन् तुमच्या देवाला कोणी केलं? तो बिनबापाचा चालतो होय?"

बुवांचा संताप झाला. त्यांनी मास्तरांच्या सदऱ्याला हात घातला. मास्तरांनी त्यांना ढोंगी म्हटलं, पोटभरू म्हटलं. बुवांनी मास्तरांच्या सात पिढ्या काढल्या. मध्येच जमीन हादरली. झुंबरबाईनं खडा टाकला, लगेच आणखी एक.

"अवो, गप ऱ्हावा की! मला ऐकू येऊ द्या!"

कोण ऐकतंय? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हातात होतं ते तिनं त्या दोघांवर भिरकावलं. खडा बुवांच्या गुडघ्याला लागला. त्याच दमात पायाखाली काहीतरी हाललं, की तिला तसं वाटलं, कोण जाणे. मग सगळं थंड झालं. विहिरीतून धूर वर येत राहिला.

"झाले न्हवं सहा?" सहादेवनं विचारलं. काल खालच्या चिरेत ओल दिसली होती आणि त्याला कधी एकदा बघतो असं झालं होतं. त्यानं दोराच्या फासात पाय घातला.

झुंबरबाईनं हात उघडला. हात रिकामा होता. हो म्हटलं असतं तर अडवणारं कुणी नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. "शेवटचा खडा म्या रागानं मारला. त्या वक्ताला बार झाला का न्हाई, मला ठावं न्हाई."

सहादेवचा चेहरा पडला. "म्या बी न्हाई मोजले. ह्यांचंच ऐकत हुतो."

"सहाच झाले," मास्तर म्हणाले. "मी स्पष्ट ऐकले."

"सहाच," बुवा म्हणाले. वर्षभरात दोघांचं हे पहिलंच एकमत.

"दोघं बी म्हनत्यात म्हंजी..." सहादेवनं दोर घट्ट धरला.

झुंबरबाईनं यारीच्या दांड्यावर दोन्ही हात रोवले. "तुमी सरा. आधी ह्यांच्यातलं कुनी बी उतरू द्या. म्या सोडते दोर."

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बुवा गळ्यातल्या माळेचा एकेक मणी चाचपत राहिले. धूर पार विरला तरी दोघंही जागचे हलले नाहीत.

"मी मोजले नव्हते," शेवटी मास्तर म्हणाले.

"मला बी न्हाई ठावं," बुवा पुटपुटले.

"मग सहा कुठनं काढले?" झुंबरबाई कडाडली. "दीर गेला माझा असाच! तुमच्या वादापायी माझं कुकू पुसायचं व्हतं?"



आता एकच उपाय होता. सगळी भोकं विहिरीच्या एका अंगाला, खोलगट डबऱ्यात होती. तो डबरा पाण्यानं भरायचा. दारू भिजली की बार मरतो. पण वाडीत पाणी होतं कुठं? टँकर परवा यायचा होता आणि घराघरात मोजून दोन घागरी उरल्या होत्या.

"चार घागरी लागत्याल," ती म्हणाली. "दोन तुमच्या, दोन तुमच्या."

"परवापतुर आमी काय प्यावं?" बुवांनी विचारलं.

तिनं वाडीच्या वाटेकडं बोट केलं.

दोघं गेले. बुवांच्या घरातून बायकोचा आरडाओरडा विहिरीपर्यंत ऐकू आला. दिवस मावळायच्या आत दोघं दोन वाटांनी दोन-दोन खेपा करून घागरी घेऊन आले. एकमेकांकडं बघायला तयार नव्हते. काठावर वाकताना बुवांचे ओठ हलायला लागले.

"गप वता," झुंबरबाई म्हणाली.

मास्तरांनीही काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, ते आपसूक मिटलं. कोरड्या विहिरीत चार घागरी पाणी पडल्याचा आवाज चौघांनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेव उतरला. काठावर कालचे दोघं येऊन उभे होते. झुंबरबाईच्या हातातला दांडा घामानं निसटत होता. बराच वेळ खालून नुसती लाकडी काठीनं भोकं कोरल्याची खरखर येत होती. मग दोराला हिसका बसला.

वर आल्यावर त्यानं मूठ उघडली. तळहातावर दारूचा काळा, ओला लगदा होता.

"पाचच उडाले हुते," तो म्हणाला.

झुंबरबाईनं त्याचं मनगट धरलं आणि पदरानं तो हात पुसायला लागली.

"आगं, लुगडं काळं हुईल."

ती पुसतच राहिली.