वेगळा कप

"तुझा कप आता वेगळा ठेवत जा, बाबा," लंबक म्हणाला.

दुकानात सगळे होते. मालक एका गिऱ्हाइकाला घड्याळाचे पट्टे दाखवत होते, काउंटरवरच्या बाई चहाचे रिकामे कप गोळा करत होत्या. खोकल्याची ढास रुमालात दाबून घड्याळजी नुकताच पुन्हा कामावर वाकला होता. त्याला आधी वाटलं, थट्टाच आहे. सव्वीस वर्षं एका बाकावर समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांना काय वाटेल ते बोलतात. डोळ्यावरचं भिंग न काढताच तो म्हणाला, "का रे? माझ्या कपातला चहा जास्त गोड लागतो की काय?"

"थट्टा नाही करत. महिना झाला खोकतोयस. इथे लेकुरवाळी माणसं बसतात."

गिऱ्हाइकाने हातातला पट्टा खाली ठेवला. बाईंनी गोळा केलेल्या कपांकडे पाहिलं आणि त्यातला एक दोन बोटांनी उचलून बाजूला सारला. घड्याळजीने भिंग काढलं. लंबक मान खाली घालून एक स्क्रू आवळत होता, आधीच आवळलेला.

मालकांनी गिऱ्हाइकापुढे दुसरा पट्टा धरला. संध्याकाळी मात्र त्यांनी घड्याळजीला दाराशी गाठलं. "काका, तुम्ही आमच्या वडिलांच्या वेळचे. वाईट वाटून घेऊ नका, पण एकदा तपासून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत घरीच आराम करा."

'लंबक' हे नाव मालकांच्या वडिलांनीच ठेवलेलं. उंच, हडकुळा, चालताना दोन्ही बाजूंना झुलणारा. घड्याळजी बुटका आणि सावकाश, म्हणून त्याला 'तासकाटा' म्हणायचे. ते नाव म्हाताऱ्याबरोबर गेलं, लंबक मात्र लंबकच राहिला. दोघांचा बाक दुकानाच्या कोपऱ्यात, काचेच्या आडोशामागे. तिथे पंखा लावायची सोय नव्हती, कारण केसाएवढी स्प्रिंग वाऱ्याने कुठे उडाली तर दिवस फुकट. खिडकी उघडली तर धूळ. त्यामुळे तिथली हवा तिथेच फिरायची. आतल्या दोघांनी एकमेकांचे श्वास सव्वीस वर्षं वाटून घेतले होते, आणि त्याचं कुणाला कधी काही वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी लंबक आजारी होता. वाळून काटकी झाला होता. "दाढ दुखते, जेवण जात नाही," म्हणायचा. दर मंगळवारी दाढेच्या डॉक्टरकडे म्हणून तासभर गायब व्हायचा. त्या दिवसांत त्याच्या वाट्याची घड्याळं घड्याळजीने गुपचूप आपल्या ट्रेमध्ये ओढून घेतली होती. त्याचे हात थरथरतात हे मालकांच्या लक्षात येऊ नये, एवढाच हेतू. आपलं माणूस आहे; आज त्याच्यावर वेळ आली, उद्या माझ्यावर येईल.

दवाखान्यात घड्याळजीबरोबर बायको आली. नवऱ्याला दुखणं सांगता येत नाही यावर तिचा ठाम विश्वास होता आणि तो खोटाही नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "ताप येतो?" तर हा म्हणाला, "नाही."

"अहो, काय नाही? डॉक्टर, रोज संध्याकाळी अंग कढत असतं. पहाटे उशी पिळून घ्यावी इतका घाम. पॅन्ट पट्ट्याशिवाय राहत नाही कमरेला. आणि हे म्हणे, हवा बदलली."

छातीचा एक्स-रे काढला. थुंकीसाठी झाकणाच्या दोन डब्या मिळाल्या. एकीत तिथेच, दुसरीत उद्या सकाळी उठल्याबरोबर, खोलवरून खोकून काढलेली. "नुसती लाळ नको," प्रयोगशाळेतल्या माणसाने बजावलं. तीन दिवसांनी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. उजव्या बाजूला वर, गळ्याजवळच्या हाडाखाली, धुक्यासारखा डाग होता.

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका. पूर्ण बरा होतो. पण सहा महिने रोज गोळ्या. महिन्या-दोन महिन्यांत इतकं बरं वाटेल की वाटेल, कशाला आता? तिथेच माणसं फसतात. आतला जंतू तेव्हा अर्धमेला असतो, मेलेला नसतो. औषध सोडलं की तो उठतो, आणि मग याच गोळ्यांना दाद देईल याची खात्री नाही."

घड्याळजीने मान डोलावली. तेल दिल्यावर घड्याळ चालू झालं म्हणून काम संपत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

पुढच्या खोलीत सिस्टर बसल्या होत्या. वयाने मुलीएवढ्या, समोर जाडजूड वही. गोळ्या कशा घ्यायच्या, मळमळलं तर काय करायचं, डोळे पिवळे वाटले किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच यायचं, सगळं त्यांनी न कंटाळता सांगितलं. "आणि काका, लघवी लालसर-केशरी होईल. रक्त नाही ते, गोळीचा रंग आहे."

"आणि कप वेगळा ठेवायचा ना?" घड्याळजीने विचारलं.

"कप? कपाने काही होत नाही. हा ताटवाटीतून नाही जात, हवेतून जातो. खोकताना तोंडावर रुमाल धरा, खिडक्या उघड्या ठेवा. गोळ्या लागू पडल्या की काही आठवड्यांत पसरायचा धोका खूप कमी होतो." त्यांनी वहीचं पान उलटलं. "आता सांगा, घरात कोण कोण?"

बायको. मुलगी. मुलीची मुलगी, चार वर्षांची. आजोबांच्या मांडीवर बसल्याशिवाय जेवत नाही. सिस्टरने सगळं लिहून घेतलं. सगळ्यांना तपासायला आणायचं होतं.

"कामावर शेजारी कोण बसतं? बंद जागेत, बराच वेळ?"

घड्याळजीने लंबकचं खरं नाव सांगितलं, आडनावासकट. पेन कागदाला टेकलं आणि तसंच राहिलं.

"पत्ता सांगू?"

"नको."

"का? त्याला नको तपासायला?"

सिस्टरने पेनाला टोपण लावलं. "काका, मी एकाचं दुसऱ्याला सांगत नाही. तुमचंही कुणाला सांगणार नाही. दुकानात आणखी कोण बसतं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत उभा असताना घड्याळजीने खाली पाहिलं. रंग अगदी सांगितल्यासारखा होता. आणि त्याच क्षणी त्याला दुकानामागचा संडास आठवला. गेल्या वर्षी एकदा लंबक आतून बाहेर पडला होता, पाणी नीट टाकलं नव्हतं, आणि आत शिरलेला घड्याळजी ओरडला होता, "अरे, हे काय लाल?" लंबक बाहेरून हसत म्हणाला होता, "बीट खाल्लंय रे. मरत नाही एवढ्यात."

दर मंगळवारची दाढ. वाळलेलं अंग. मग दोन महिन्यांत एकदम टवटवीत झालेला चेहरा, आणि काही दिवसांनी पुन्हा सुरू झालेला खोकला, ज्याला तो धुळीची अ‍ॅलर्जी म्हणत होता.

घड्याळजी मोरीच्या कठड्यावर बसला. बायकोने बाहेरून दोनदा हाक मारली, तरी उठला नाही.

तिला सांगितलं तेव्हा ती कणिक मळत होती. हात तसेच ठेवून ती म्हणाली, "म्हणजे कपाने होत नाही, हे त्याला तुमच्या आधी सांगितलेलं होतं."

घड्याळजीचा विचार तिथपर्यंत पोचलाच नव्हता. "हो," तो म्हणाला.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून!" तिने कणकेवर मूठ आपटली. "आत्ताच्या आत्ता जा आणि मालकांना सांगा."

तो गेला नाही. दुखणं लागलं याचा राग नव्हता. दुखणं कुणालाही लागतं, बसच्या रांगेतही लागतं. चार माणसांत लंबकने सगळ्यांची नजर उचलून घड्याळजीवर ठेवली होती, हे गळ्याखाली उतरत नव्हतं.

नातीला तपासलं. छाती साफ होती, पण वय लहान आणि सहवास रोजचा, म्हणून तिलाही कित्येक महिने रोज प्रतिबंधाची गोळी सांगितली. पहिल्या दिवशी तिने गोळी थुंकली, दुसऱ्या दिवशी ओकली. तिसऱ्या दिवशी मुलीने तिला मांडीत आवळून धरलं आणि दोघीही रडल्या. मग मुलगी वळून बापाला म्हणाली, "महिनाभर खोकत होतात, बाबा. तिला मांडीवर घेऊन. तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

घड्याळजीला खरंच वाटलं नव्हतं. पण 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे लोक कसे पाहतात, ते आता त्याला दिसत होतं. त्या आठवड्यात मुलगी नातीला घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली. "थोडे दिवस," म्हणाली.

एका दुपारी लंबक आला. हातात घड्याळजीची हत्यारांची पेटी होती. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मालकांनी पाठवली. म्हणाले, घरी बसल्या बसल्या काही करायचं असेल तर..." तो थांबला. "बाकावर सध्या दुसरा बसवलाय. तात्पुरता."

"बस," घड्याळजी म्हणाला.

"नको, उभाच बरा."

"भीती वाटते?"

लंबकने पेटी दुसऱ्या हातात घेतली.

"बीट खाल्लं होतंस नाही का रे, गेल्या वर्षी?"

लंबकने पेटी खाली ठेवली. लांब हात गुडघ्यांवर टेकून तो तिथेच पायरीवर बसला, पाठ याच्याकडे करून. "मुलीचं लग्न ठरत होतं," तो म्हणाला. "सोयऱ्यांना कळलं असतं तर मोडलं असतं. दोन महिने घेतल्या गोळ्या, नियमाने. ताप गेला, वजन वाढलं. म्हटलं, झालो बरा. लग्नात रोज कुठे गोळ्या लपवत बसू?"

"आणि नंतर?"

"नंतर परत सुरू झालं. सिस्टर घरी दोनदा येऊन गेल्या, मी आत असून नाही म्हणायला लावलं." तो वळला. "पण तुला माझ्याकडूनच लागला कशावरून? कुठूनही लागतो. डॉक्टरसुद्धा छातीवर हात ठेवून सांगणार नाहीत."

"नाही सांगणार," घड्याळजी म्हणाला. "मी तरी कुठे विचारलं? मी कपाचं विचारतोय."

लंबकचा चेहरा उतरला. "त्या दिवशी सकाळी मालक माझ्याकडे बघत होते. मी खोकलो तसे बघायला लागले. तू नेमका तेव्हाच खोकलास. मी आधी बोललो नसतो, तर त्यांनी मला..."

"म्हणून मला पुढे केलंस."

"तू सावरशील असं वाटलं. तुझ्यावर त्यांचा जीव आहे."

आतून भांड्याचा आवाज झाला. बायको ऐकत होती. घड्याळजीने हात मागे करून तिला थांबवलं.

"एक सांगू?" लंबक खालच्या आवाजात म्हणाला. "सिस्टर दुकानात येणार आहेत, सगळ्यांना तपासायला. मालकांनी विचारलं, तर आधी तुलाच होता, असं राहू दे. तसंही सगळ्यांना तसंच वाटतंय. तुझं काय जाणार आहे आता?"

घड्याळजीने त्याच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षं हा चेहरा त्याने काचेच्या आडोशात हातभर अंतरावरून पाहिला होता. डाव्या भुवईतला तीळ, नाकावरचा चष्म्याचा वण. सगळं जागच्या जागी होतं. ओळखीचं मात्र काही सापडेना.

"गोळी आज घेतलीस?" त्याने विचारलं.

"अं?"

"आज. सकाळी."

लंबकने मान हलवली. नाही.

"काउंटरवरच्या बाईंचं पोर वर्षाचं आहे. माझ्या जागेवर बसवलाय तो कुणाचा तरी मुलगा आहे." घड्याळजी उठला आणि पायात चपला सरकवल्या. "ऊठ. टीबीचं केंद्र पाचपर्यंत उघडं असतं. आत्ता गेलास तर मी मालकांकडे जाणार नाही. नाही गेलास, तर मी इथून दुकानातच जातो."

"आणि आधी कुणाला झाला ते?"

"ते विचारतील तेव्हा खोटं बोलणार नाही. आपणहून सांगायला जाणार नाही. याच्यापुढे माझ्याकडून काही मागू नकोस."

लंबक उठला. पुढे तो, मागे दहा पावलांवर घड्याळजी. लंबकने दोनदा वळून पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं. घड्याळजीची पावलं तेवढ्याच अंतरावर थांबली आणि तो चालू लागला तशी पुन्हा सुरू झाली. धाप लागत होती. तरी अंतर त्याने वाढू दिलं नाही आणि कमीही होऊ दिलं नाही.

केंद्राच्या दारातून लंबक आत गेला. खिडकीतून सिस्टर दिसल्या. त्यांनी त्याला पाहिलं, एक शब्दही न रागावता समोरची खुर्ची ओढून दिली आणि वही उघडली. आधी पुन्हा थुंकी तपासणार, गोळ्यांना दाद देतो का ते पाहणार. तासभर तरी लागणार होता. घड्याळजी बाहेरच्या बाकावर बसून राहिला. एक म्हातारी शेजारी येऊन बसली आणि "तुमचं कोण आत आहे?" म्हणाली.

"कामावरचे एक आहेत," तो म्हणाला.

लंबक बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात उद्याच्या थुंकीसाठी रिकामी डबी होती. फाटकाशी उभा राहून त्याने ती उचलून दाखवली, परीक्षेचा कागद दाखवावा तशी. घड्याळजीने पाहिली, मान हलवली. मग लंबक तिथेच थांबून राहिला, दुकान सुटल्यावर रोज थांबायचा तसा, दोघांनी मिळून निघावं म्हणून.

घड्याळजी उठला. गाड्या जाऊ दिल्या, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या पदपथाने घराकडे चालू लागला. चौकापर्यंत दोघांची वाट एकच होती. चौकापर्यंत दोघे एकाच चालीने गेले, एक या कडेने, एक त्या कडेने. मधून गाड्या जात राहिल्या.