चहा सांडलेली चादर

मित्रांनो, सोलापूरच्या एका मागावर मी विणली गेले, त्याला आता एकतीस वर्षे झाली. चादरीच्या जन्मात एवढे वय म्हणजे म्हातारपणच. तेव्हा माझा रंग गडद निळा होता, काठाला पांढरी फुले होती आणि अंग इतके जाड की माझी घडी धड बसत नसे. हेमाताईंच्या आईने मला बाजारातून आणले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि लेकीच्या सामानात लखनौला धाडून दिले.

हेमाताईंचे यजमान पंढरीनाथराव इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. विकास नगरात त्यांचे छोटेसे घर होते. माझे उमेदीचे दिवस तिथे फार चांगले गेले. महाराष्ट्रातून पाहुणे आले की मला बाहेर काढत. पाहुणे माझ्यावरून हात फिरवत आणि मग गावाकडच्या गप्पा निघत. हेमाताईंच्या मुलाने, सुबोधने, बारावीचा सगळा अभ्यास मलाच पांघरून केला. पुढे सुबोध नोकरीसाठी बंगळुरूला गेला. पाहुणेही येईनासे झाले. मला दिवाणाच्या पेटीत ठेवले, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि वर झाकण लावले. नऊ वर्षे मी तिथे होते. बाहेर उन्हाळा आहे की हिवाळा, हेही मला कळत नसे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी झाकण उघडले. हेमाताईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला उचलले, पलंगावर मेणकापड पसरले आणि त्यावर मला अंथरले. का, ते मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळले. पंढरीनाथरावांची स्मृती जात चालली होती आणि अंथरूण ओले झालेले त्यांना समजत नव्हते. पातळ चादरींना ती ओल पेलवेना. मी जाड, म्हणून माझी आठवण झाली होती.

मला वाईट वाटले का? नाही. इतक्या वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडत होते.

हेमाताई रोज पहाटे उठत. नवऱ्याला कुशीवर वळवत, मला ओढून काढत, त्यांचे अंग पुसत. पंढरीनाथराव शांतपणे पडून असत. एकदा ते फार संकोचून म्हणाले, "ताई, तुम्हाला त्रास होतो. आमची हेमा घरी असती, तर तिनं केलं असतं."

हेमाताईंनी त्यांच्या अंगावर पांघरूण ओढले. "असू दे," त्या म्हणाल्या. "येईल ती. तोवर मी आहे ना."

मग त्या मला न्हाणीघरात घेऊन गेल्या आणि नळ मोठा सोडून बराच वेळ तिथेच बसून राहिल्या.

भांडी घासायला येणारी बाई यायच्या आत मी धुतली जाई. मशीन होते, पण ते दुरुस्त करायला आलेल्या माणसाने बजावले होते, "माताजी, इतनी भारी चादर मत डालिए, ड्रम बैठ जाएगा." म्हणून हातानेच. गच्चीवर तार होती, ऊन होते, तरी हेमाताई मला वर नेत नसत. मागच्या खोलीत खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी बांधून त्या मला पंख्याखाली वाळत घालत आणि दार ओढून घेत. रोज तीच चादर तारेवर दिसली तर लोक काय म्हणतील? ज्या माणसाच्या हाताखाली मुलांनी डॉक्टरेट केली, त्याच्याबद्दल कोणी कुजबुजावे, हे त्यांना सोसणारे नव्हते. रविवारी सुबोधचा फोन येई, तेव्हाही त्या म्हणत, "बाबा मजेत आहेत. तू जेवलास का?"

उन्हाळ्यात हे निभावले. जानेवारीत धुके उतरले आणि पाच दिवस सूर्य दिसला नाही. माझ्या धाग्यांत ओल मुरली, मला आंबूस वास येऊ लागला. दुसरे काही जाड अंथरूण घरात नव्हते. हेमाताई मला इस्त्री करून करून अंथरत, पण आतून मी दमटच असे. सहाव्या दिवशी अंग पुसताना त्यांना नवऱ्याच्या कमरेखाली रुपयाएवढा लाल चट्टा दिसला. कातडी सोलवटली होती. मित्रांनो, तो चट्टा माझ्यामुळे पडला होता.

दुपारी ऊन आले. हेमाताईंनी मला धुऊन बादलीत भरले आणि एकेक पायरी थांबत जिना चढल्या. वर त्यांनी मला पिळायचा प्रयत्न केला. पाण्याने मी दगडासारखी जड झाले होते. एक टोक पिळले की दुसरे सुटे. शेवटी मी त्यांच्या हातून घसरून गच्चीवर पसरले आणि मधोमध पडलेला पिवळा डाग उन्हात उघडा पडला.

शेजारच्या गच्चीवर मालिनी श्रीवास्तव मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"चाय गिर गई थी," हेमाताई घाईने म्हणाल्या.

मालिनींनी ताट बाजूला ठेवले, साडीवरची साले झटकली आणि मधला बुटका कठडा ओलांडून त्या इकडे आल्या. डागाकडे त्यांनी एकदाच पाहिले.

"दीदी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हमारे बाबूजी के टाइम हमने भी चार साल चाय गिराई है."

हेमाताई बादलीशेजारी खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. मालिनींनी त्यांना रडू दिले. मग माझे एक टोक उचलून म्हणाल्या, "उधर से पकड़िए. मैं दाहिने घुमाती हूँ, आप बाएँ." दोघींनी मिळून पीळ दिला तेव्हा माझ्या अंगातून इतके पाणी निघाले की मलाच नवल वाटले. त्या दिवशी मी उन्हात कडकडीत वाळले. चट्टा भरून यायला तीन आठवडे लागले.

रविवारी फोनवर हेमाताईंनी प्रथमच खरे सांगितले. सुबोध म्हणाला, "आई, मी येतो." तो आला, आठ दिवस राहिला आणि जाताना त्याने आणखी तीन चादरी घेऊन दिल्या.

सगळे सुरळीत झाले, असे मी सांगणार नाही. पंढरीनाथराव अजून हेमाताईंना ताईच म्हणतात. मालिनी लेकीकडे कानपूरला गेल्या की महिना महिना परतत नाहीत. अशा वेळी हेमाताई माझे एक टोक पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधतात आणि दुसरे एकट्याच पिळतात. पण आता त्या मला गच्चीवरच वाळत घालतात, रस्त्यावरून दिसेन अशी.

मी मधोमध विरले आहे. आणखी एखादा हिवाळा निघेल, मग माझी फडकी होतील. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढेच मागते, मित्रांनो. तुमच्या शेजारच्या गच्चीवर रोज तीच चादर वाळताना दिसली, तर घरात जाऊन तिची चर्चा करू नका. जिना चढून वर जा, आणि काही न विचारता तिचे एक टोक हातात घ्या.